वंशावळ आणि वेळापत्रक : नाशिकच्या कुटुंबेतिहासातील दिनक्रमाची नोंद

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वह्यांत महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची नावे आढळतात. यात्रेकरू कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, बरोबर कोण आले होते आणि कोणत्या निमित्ताने आले होते, एवढा तपशील उपाध्याय लिहून घेत असत आणि पाहुणा साक्षर असेल तर खाली त्याची सही घेत असत. ‘नामावळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदी बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात विशेष दाट होतात, कारण त्या पर्वात गोदावरीस्नानासाठी आलेल्या कुटुंबांत एरवी घराबाहेर न पडणारी माणसेही असत. वंशाचा शोध घेणाऱ्याला अशा वहीच्या एका पानावर चार पिढ्यांची नावे सापडू शकतात, पण त्या चार पिढ्यांतील एकही माणूस सकाळी किती वाजता उठत असे, दिवसाचे किती तास राबत असे आणि घरातील पाणी कोण भरत असे, याचा उल्लेख तेथे नसतो. नामावळीचे प्रयोजन यजमान आणि उपाध्याय यांचे नाते टिकवणे एवढेच होते, म्हणून तिच्याकडून दिनक्रमाची अपेक्षा करणे योग्य नव्हे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांची परंपरा जोमाने वाढली त्या कुलवृत्तांतांनीही, म्हणजे एका आडनावाच्या सर्व शाखांची माहिती देणाऱ्या ग्रंथांनीही, हाच साचा पुढे चालवला, याचे मात्र नवल वाटते. गोत्र, मूळ गाव, शाखा, जन्मशक, शिक्षण, हुद्दा, पत्नीचे माहेरचे व सासरचे नाव आणि अपत्ये, अशा क्रमाने चालणारी ही नोंद माणसाचे स्थान अचूक सांगते, पण त्याचे जगणे तिच्या चौकटीत मावत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर दोन नावांच्या पलीकडे सहसा काहीच उरत नाही.

नाशिकच्या परिसरात दिवसाचे वर्णन अजिबात लिहिले गेले नाही, असे मात्र नाही. ते लिहिले गेले, पण बहुतेक वेळा दिवसाचा संबंध धर्माशी, पैशाशी, पाण्याशी किंवा पाळीशी आला तेव्हाच. आणि ज्या कागदावर ते लिहिले गेले तो कागद कुटुंबाच्या इतिहासासाठी तयार झालेला नव्हता. घराण्याचा दिनक्रम शोधणाऱ्याला म्हणूनच दुसऱ्याच हेतूने लिहिलेल्या कागदांचे वाचन करावे लागते आणि त्या हेतूमुळे नोंदीला कोणते वळण मिळाले, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

यांतील सर्वांत जुना प्रकार उपदेशाचा आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली, अशी परंपरा आहे. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून जप, नंतर माधुकरी, म्हणजे घरोघर मागितलेले शिजलेले अन्न, आणि दुपारनंतर ग्रंथवाचन असा त्यांचा क्रम त्या परंपरेत सांगितला जातो. अठराव्या शतकात याच परिसरात लिहिले गेलेले एक पत्र अधिक ठोस आहे. नानासाहेब पेशव्यांच्या विधवा पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात नाशिकलगतच्या गंगापूर येथे राहत होत्या आणि त्यांचा नातू सवाई माधवराव, ज्याचा जन्म १७७४ मध्ये झाला होता, पुण्यात नाना फडणीसांच्या देखरेखीखाली वाढत होता. या नातवाने कसे वागावे याच्या सूचना देणारे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे आणि त्यात सकाळच्या उठण्यापासून दिवसभराच्या कर्तव्यांचा विचार केलेला आहे. राज्याच्या वारसाचा दिवस आजीने कागदावर आखून द्यावा, ही गोष्ट कुटुंबेतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तथापि हे पत्र वाचून ‘सवाई माधवरावांचा दिवस असा जात असे’ असे विधान करता येत नाही. पत्र जे सांगते ते आजीच्या अपेक्षांबद्दल, आणि ज्या गोष्टी बजावून लिहाव्या लागल्या त्यांत चालढकल होत असावी, असा तर्क फार तर करता येतो. आखलेला दिवस आणि जगलेला दिवस यांत अंतर असते, हे सूत्र पुढे कारखान्याच्या वेळापत्रकालाही तितकेच लागू पडते.

पेशवाईच्या कागदांत दिवसाची नोंद करणारे दुसरे साधन म्हणजे रोजकीर्द. त्या त्या दिवशी आलेली आणि गेलेली रक्कम, दिलेले हुकूम आणि वस्तू ज्या वहीत क्रमाने उतरवल्या जात ती रोजकीर्द. त्याच नोंदी खातेवार मांडल्या की ती खतावणी आणि त्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दींवरून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेल्या निवडी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक खंडांत छापल्या गेल्या, आणि सावकार, देशमुख, इनामदार, देवस्थाने अशा लहानमोठ्या घरांतही अशा वह्या ठेवल्या जात होत्या. वाड्यातील जुन्या पेटाऱ्यात अशी एखादी वही सापडली की घरातील माणसे तिच्याकडे ‘हिशेब’ म्हणून दुर्लक्ष करतात, ही मोठी चूक आहे. तेल किती आले, कोणत्या दिवशी मजूर किती होते, कोणत्या महिन्यात दळणासाठी पैसे दिले गेले आणि कोणत्या महिन्यात नाहीत, यांवरून घराच्या कामाची चाल उमगते. ज्या महिन्यांत दळणाचा खर्च नाही त्या महिन्यांत जाते घरातच फिरत होते, आणि ते कोणाच्या हातांनी फिरत होते हे वही सांगत नसली तरी वाचणाऱ्याला ओळखता आले पाहिजे.

ते हात प्रथम दिसतात आत्मचरित्रांत, आणि या बाबतीत नाशिक भाग्यवान आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात बालपणीच्या घराचे जे वर्णन आहे त्याच्या केंद्रस्थानी वडिलांचे सोवळे आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील फासावर गेले आणि त्या आघातानंतर वडिलांच्या सोवळ्याने अतिरेकी रूप घेतले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. हे सारे विनोदी अंगाने सांगितलेले असल्यामुळे वाचक हसून पुढे जातो, परंतु कुटुंबेतिहासाच्या नजरेने पाहिले तर एका पुरुषाच्या मानसिक आघातामुळे घरातील स्त्रियांच्या दिवसात दररोज काही तासांचे धुण्यावाळवण्याचे काम वाढले, अशी ती नोंद आहे. कोणत्याही वंशावळीत हे आले नसते. वडिलांच्या नावापुढे फार तर ‘कर्मठ’ असा शब्द पडला असता आणि तोही गौरवाने.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला बदली झाली, आणि पुण्याच्या मोठ्या एकत्र कुटुंबातून निघून नवराबायकोचा स्वतंत्र संसार मांडण्याचा तो काळ होता. पुण्यातील दिवसाचे वर्णन करताना रमाबाई सासरच्या बायकांचे बोल, लपूनछपून चाललेला अभ्यास आणि स्वयंपाकघरातील कामे यांची ओढाताण सांगतात, तर नाशिकमधील दिवस तुलनेने मोकळा दिसतो. बदलीच्या हुकमाचा परिणाम एका स्त्रीच्या वेळेवर काय झाला, हे या पुस्तकातून कळते. सरकारी नोकरीतील घराण्यांचा इतिहास लिहिणारे लेखक बदल्यांची यादी तारखांसह देतात, पण प्रत्येक बदलीने घरातील कोणाची वेळ मोकळी झाली आणि कोणाची बांधली गेली, हा प्रश्न त्यांना क्वचित पडतो.

ओघाने येथे आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करणे भाग आहे. आई, मुले आणि घरकाम यांचे मराठीतील सर्वांत वाचले गेलेले चित्र, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यातील घर कोकणातले आहे, पण पुस्तकाची मांडणी रात्रींनुसार आहे. दिवसाची कामे आटोपल्यावर, प्रार्थनेनंतर सांगितलेल्या गोष्टी, अशी तिची चौकट आहे, आणि घराण्याच्या आठवणी सांगण्याची वेळ ठरलेली असे, ही मराठी घरांची जुनी वस्तुस्थिती त्या चौकटीत सुरक्षित राहिली आहे.

ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत त्यांच्या दिवसाचे वर्णन पुष्कळदा परक्यांनी केले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरील सोळावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅझेटियर म्हणजे प्रशासनाच्या सोयीसाठी तयार केलेला जिल्ह्याचा माहितीकोश; त्यात जातीजमातींचे व्यवसाय, आहार, पोशाख आणि राहणी यांची वर्णने आहेत. नाशिकचे तांबट आणि कासार, येवल्याचे रेशीमविणकर, डोंगराळ भागातील कोळी आणि भिल्ल या सर्वांसाठी हा खंड आजही पहिला आधार ठरतो. मात्र त्यातील माणूस नेहमी नमुन्याचा असतो. ‘तांबट’ नावाची एक सरासरी व्यक्ती तेथे काम करते, आणि एखाद्या कुटुंबाने आपल्या पणजोबांच्या चरित्रात ते वर्णन जसेच्या तसे उतरवले, तर पणजोबा हरवून त्यांच्या जागी तो नमुना येऊन बसतो. अलीकडे छापल्या जाणाऱ्या कौटुंबिक पुस्तिकांत हा प्रकार वारंवार आढळतो आणि तो टाळला पाहिजे.

घड्याळाचा प्रश्न याहून किचकट आहे. जुन्या जन्मपत्रिकांत जन्मवेळ सूर्योदयापासून घटी व पळे मोजून दिलेली असते. एक घटी म्हणजे २४ मिनिटे, आणि एका अहोरात्रात ६० घटी. सामान्य कुटुंबाच्या कागदांत वेळ इतक्या काटेकोरपणे लिहिण्याचे जन्मपत्रिका हे जवळजवळ एकमेव ठिकाण होते, कामाच्या दिवसाला ती काटेकोरता कधीच लाभली नाही. पुढे रेल्वे आली. ती मद्रासच्या वेळेवर चालत असे, आणि ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालवली. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, देशभरातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. ज्योतिषी या युद्धकालीन वेळेची वजावट आजही न विसरता करतात; इतिहास लिहिणारे मात्र ‘आजोबा सकाळी सहाला कामावर जात’ हे वाक्य १९४३ सालासाठी लिहितात आणि ते सहा एरवीच्या प्रमाणवेळेचे पाच होते, हे लक्षात घेत नाहीत.

नाशिकमध्ये घड्याळाची सत्ता खऱ्या अर्थाने रुजवली ती नाशिकरोडने. त्यापूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत. ते काम देशात आणण्यासाठी १९२५ च्या सुमारास नाशिकरोड येथे सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८ मध्ये शेजारीच नोटांचा छापखाना सुरू झाला. ‘प्रेसमध्ये आहे’ एवढे म्हटले की नाशिककरांना नोकरी, वसाहत आणि पाळी या तिन्ही गोष्टी कळतात. या घरांत हजेरीपत्रके, वेतनचिठ्ठ्या, ओव्हरटाइमच्या नोंदी आणि पासबुके सापडतात, आणि त्यांच्या आधारे एका माणसाच्या तीस वर्षांच्या कामाचे वेळापत्रक बरेचसे जुळवता येते. कायद्यांचे टप्पे त्याला जोडून पाहावे लागतात: १९२२ च्या दुरुस्तीने प्रौढ कामगाराचा आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत तो ५४ तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ४८ तासांची व दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. त्यामुळे एकाच घरातील आजोबा, वडील आणि मुलगा यांनी एकाच फाटकातून आत जाऊन वेगवेगळ्या लांबीचे आठवडे काढलेले असू शकतात. १९६० नंतर ओझरचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या, तशी तीन पाळ्यांची पद्धत शहरभर पसरली. रात्रपाळीच्या घरात दिवसा मुलांनी आवाज करायचा नाही, हा नियम कोणत्याही कागदावर नाही, पण त्या पिढीतील जवळपास प्रत्येकाला तो आठवतो. मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी आणि शुक्रवारची सुट्टी, हे याच जिल्ह्यातील वेगळे वेळापत्रक आहे, आणि त्याचा इतिहास नाशिकरोडच्या मापाने मोजता येणार नाही.

सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांकडे आले की कागद पुन्हा अपुरा पडतो. विडीची मजुरी हजारावर ठरते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानंतर घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या नोंदपुस्तकात दिलेली पाने, तंबाखू आणि परत आलेल्या विड्या यांचे आकडे भरले जाऊ लागले, पण हजार विड्या वळायला किती तास लागले, पाने भिजवून कापण्याचे काम रात्री कोणी केले, शाळेतून आलेल्या मुलीने किती वळल्या, हे त्या पुस्तकात कधीच येत नाही. कामाचा दर नगावर असला की वेळ नोंदीतून गळते, हा नियम येवल्याच्या पैठणी विणकरांनाही लागू आहे. व्यापाऱ्याच्या वहीत रेशीम किती दिले आणि साडी कधी आली एवढेच असते, आणि खड्डामागाजवळ बसून रहाट फिरवणारी, कांड्या भरणारी माणसे त्या हिशेबाच्या बाहेर राहतात. अशा घरांत विचारपूस हाच एकमेव स्रोत आहे, आणि तो वयाने फार म्हातारा झालेला आहे.

शेतकरी घरांचा दिवस पाण्याने बांधला. बागलाण, कळवण, मालेगाव या उत्तरेकडील तालुक्यांत आणि लगतच्या धुळे जिल्ह्यात मोसम, पांझरा अशा नद्यांवर बंधारे बांधून चालणारी फड पद्धत काही शतके टिकली. बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. पाण्याची देखरेख पाटकरी करीत, वाफ्यात पाणी देण्याचे काम बारेकरी करीत आणि राखणीला जागले असत. याचा कौटुंबिक परिणाम असा की, शेतमालकाला पाणी भरण्यासाठी रात्री शेतात जावे लागत नसे. कालव्याच्या पाळीने आणि पुढे विहिरीवरच्या विजेच्या मोटारीने हे उलटले; शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री मिळू लागली, आणि घरातला एक पुरुष त्या रात्रींत बॅटरी घेऊन बांधावर उभा राहिला. वीज वितरणाचे वेळापत्रक जपून ठेवणारे कुटुंब विरळा, तरी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील नाशिकच्या शेतकऱ्याची झोप त्या कागदाशिवाय समजणार नाही.

द्राक्षाने मात्र या जिल्ह्याला दिवस मोजायची सवय लावली. ओझर परिसरात १९२५ च्या सुमारास सुरू झालेली द्राक्षलागवड निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांत पसरली, आणि तिच्याबरोबर एक नवे पंचांगच रुजले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी या दोन घटनांपासून बागाईतदार दिवस मोजतो. ‘आज पन्नासावा दिवस’ असे तो म्हणतो तेव्हा तो तारखेचा नव्हे, छाटणीचा हिशेब सांगत असतो. लग्नाचा मुहूर्त, गावाला जाणे, आजारपणातील उपचार यांची सोय-गैरसोय याच मोजणीवर ठरते. युरोपात निर्यात सुरू झाल्यावर आणि २००६ च्या हंगामापासून निर्यातक्षम बागांची ऑनलाइन नोंदणी आल्यावर फवारणीची डायरी ठेवणे सक्तीचे झाले, आणि त्यामुळे आजच्या नाशिक जिल्ह्यात दिवसागणिक लिहिलेली सर्वांत नियमित कौटुंबिक नोंद बहुधा याच डायऱ्यांत आहे. कोणत्या दिवशी कोणते औषध, किती लिटर पाण्यात, ही माहिती त्यांत असते. पेठ-सुरगाण्याहून विरळणीसाठी आलेल्या टोळ्या कोणत्या दिवशी उतरल्या, त्यांनी किती वाजता काम सुरू केले आणि मुले कोठे ठेवली, हे नसते. बागेच्या मालकाच्या घराण्याचा इतिहास आणि त्या टोळीतील कुटुंबाचा इतिहास एकाच डायरीतून लिहिता आला असता, पण ती डायरी एकाच कुटुंबाने ठेवली.

इतरत्र ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमात सामान्य नागरिकांकडून महिन्याच्या ठरावीक दिवसाची उठल्यापासून झोपेपर्यंतची हकीकत लिहून घेतली गेली. भारतात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळवापर पाहणी केली, म्हणजे चोवीस तासांतील प्रत्येक अर्ध्या तासात माणूस काय करत होता याची विचारणा केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. सरासरीवरून कोणत्याही एका घराचा इतिहास होत नाही, परंतु प्रश्न विचारण्याची तिची पद्धत कुटुंबाला जशीच्या तशी वापरता येते. ‘तुम्ही पूर्वी काय करायचा?’ या प्रश्नाला म्हातारी माणसे ‘सगळंच करायचो’ असे उत्तर देतात. ‘धाकट्याच्या जन्माच्या वर्षी, भाद्रपदात, उजाडल्यावर पहिल्यांदा काय?’ असे विचारले की पाणी, शेण, चूल, भाकरी, डबा हा क्रम आपोआप उलगडू लागतो.

नाशिकमध्ये जे कोणी आपल्या घराण्याचा वृत्तांत लिहायला घेतील त्यांनी प्रत्येक पिढीतील निदान एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा एक पूर्ण दिवस लिहावा, त्याचे साल, महिना आणि हंगाम नोंदवावा, कोणती माहिती कागदावरून घेतली आणि कोणती ऐकून हे वेगळे दाखवावे, घरात राबलेल्या पण आडनाव नसलेल्या माणसांच्या वेळाही त्यात धराव्यात. आणि हजेरीची कार्डे, विडीची नोंदपुस्तके व फवारणीच्या डायऱ्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला देऊ नयेत.